ज्या परिच्छेदावर नाना सही करायचे

नाना गेल्याचं कळलं ते वहिनींच्या आंतरदेशीय पत्रातून. मी गोंदियाच्या ऑफिसात टेबलावर टेकून आमच्या साहेबांच्या खोकल्याची नक्कल करत होतो, चारपाच जण हसत होते, तेवढ्यात शिपायानं पत्र हातात दिलं आणि मी खोकता खोकताच ते फोडलं. पहिली ओळ होती, 'नाना मंगळवारी सकाळी चहा पिऊन गेले.' त्याच्या आधी क्षेमकुशल नाही, 'पत्र लिहिण्यास कारण की' नाही, काही नाही... सांगायला लाज वाटते, पण माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की वहिनींनी पत्र बरोबर लिहिलं. नानांनी शिकवलं तसंच. मुद्दा पहिल्या वाक्यात, वाचणाऱ्याला दारात ताटकळत ठेवायचं नाही. रडू आलं ते दुसऱ्या परिच्छेदाला. हसणाऱ्यांना वाटलं मी अजून नक्कलच करतोय, म्हणून ते हसतच राहिले.

मी मौद्याचा. तिथल्या शाळेत मी शिकलो कमी आणि मास्तरांचे आवाज काढले जास्त. अकरावी कशीबशी निघाल्यावर बाबांनी मला नागपुरात कॉमर्सला घातलं आणि सक्करदऱ्याला नानांच्या घरातली पुढची खोली घेऊन दिली. नाना म्हणजे रिटायर झालेले मास्तर. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि त्यातही निबंध. कथाकविता दुसऱ्या मास्तरांना देऊन टाकायचे म्हणे, पण वादाचा निबंध, म्हणजे ज्यात आपलं म्हणणं दुसऱ्याला पटवायचं असतं, तो कोणाला देत नसत. बायको वारलेली. मुलगा वसंतभाऊ कोराडीला पॉवर स्टेशनवर शिफ्टमध्ये, आणि सून शालूवहिनी. अशी तीन माणसं, चौथा मी.

या घरात एक विचित्र कायदा होता, तो मला सामान ठेवायच्या आधी कळला. मी विचारलं, नाना, मी खोलीत ट्रान्झिस्टर लावला तर चालेल का. नाना म्हणाले, "लिहून दे." मला वाटलं भाडेकरूचा काही कागदबिगद असेल. तसं नव्हतं. या घरात ज्याला जे पाहिजे असेल, आणि जे दुसऱ्याला नको असेल, त्याच्यावर तोंडी भांडण करायला मनाई होती. एक पानाचा निबंध लिहायचा आणि नानांपुढे वाचायचा. वसंतभाऊंनी लग्नाच्या आधी मोटरसायकलसाठी निबंध लिहिला होता म्हणे, आणि नापास झाले होते. ते अजून सायकलवर होते. भांडण वऱ्हाडीत, निबंध शुद्ध, असा नानांचा आणखी एक पोटनियम होता. त्यामुळे त्या घरात कोणी शुद्ध बोलायला लागलं की मी समजायचो, काहीतरी मागणं आहे.

मी ट्रान्झिस्टरवर निबंध ठोकला. 'आजच्या विज्ञानयुगात आकाशवाणी हे ज्ञानाचे प्रभावी साधन होय' इथून सुरुवात. नाना म्हणाले, मोठ्यानं वाच. लिहिलेलं डोळ्यानं तपासलं तर चुका दिसतात, कानानं तपासलं तर लबाडी कळते. मी वाचलं. ते खुर्चीत मागे रेलून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हे तुझं मत आहे का गा, का गाईडचं?" मी म्हटलं, गाईडचं. "मग ट्रान्झिस्टर गाईडवाल्याले देतो, तुले काहून देऊ?"

मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. आधी काय पाहिजे ते एका वाक्यात, सरळ. 'मला संध्याकाळी दोन तास माझ्या खोलीत ट्रान्झिस्टर लावायचा आहे.' झालं, युग वगैरे गेलं खड्ड्यात. मग कारणं, आणि ती तीनच. चौथं सुचलं तर समजायचं का पहिली तीन कच्ची आहेत. त्यातलं सगळ्यात दमदार शेवटी ठेवायचं, त्याच्याखालचं सुरुवातीला, आणि लेचंपेचं असेल ते मधात, गर्दीत खपून जातं. उदाहरण द्यायचं ते आपल्या गल्लीतलं, थोर माणसांना उगीच त्रास द्यायचा नाही. आणि कारण असं पाहिजे की ते ऐकणाऱ्याच्या कामाचं आहे. मला गाणी आवडतात हे माझं कारण झालं, त्यांना त्याचं काय?

पण खरी गंमत पुढच्या परिच्छेदात होती. तिथं समोरच्याची बाजू लिहायची. म्हणजे जो नाही म्हणतो त्याची. ती अशी लिहायची की त्यानं वाचून म्हटलं पाहिजे, हौ, हेच मले म्हणायचं होतं, आणि खाली सही केली पाहिजे. नाना खरोखर सही करायचे, लाल पेन्सिलनं, समासात. सही मिळाली तरच तुम्हाला त्या बाजूला उत्तर द्यायचा हक्क. नाही मिळाली तर निबंध परत. शाळेत ते दोन बाकांवरच्या पोरांना एकमेकांच्या वह्यांवर अशा सह्या करायला लावायचे. तीस वर्षं.

माझी पहिली ओळ होती, 'काही वृद्ध माणसांना आवाज सहन होत नाही.' सही नाही. मग 'विद्यार्थ्याने अभ्यास करावा', सही नाही. चार वेळा परत आला निबंध. शेवटी मी चिडून एक दिवस गुपचूप बसून राहिलो आणि नाना काय करतात ते पाहिलं, आणि मला कळलं की संध्याकाळी ते कान लावून ऐकत असतात... वसंतभाऊंच्या सायकलची घंटी, फाटकाची कडी, कोण आलं कोण गेलं. ट्रान्झिस्टरमध्ये ते बुडालं असतं. मी तसं लिहिलं. नाना म्हणाले, कुठं आहे तो परिच्छेद? मी बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाशेजारी डाव्या हाताचा अंगठा टेकवला, कागदाची कड चाचपली, आणि अंगठ्याच्या नखाला धरून तिरपी सही केली. मग मी उत्तर दिलं, की आवाज बारीक ठेवीन आणि भाऊ आल्यावरच लावीन. "अन् शेवट?" म्हणाले. मी पुन्हा सगळं थोडक्यात सांगायला लागलो तर हात वर केला. शेवट म्हणजे तेच ते परत सांगणं नव्हे. तुझं म्हणणं मान्य केलं तर उद्या या घरात काय बदलन, ते सांग, अन् चूप बस.

ट्रान्झिस्टर आला. आठ दिवसांत तो नानांच्या खुर्चीखाली गेला तो परत आला नाही, पण तो वेगळा विषय आहे.

माझ्यासारख्या माणसाला असं पात्र मिळाल्यावर तो काय सोडतो? कॉलेजच्या गॅदरिंगला माझा 'नाना सही करतात' हा आयटम फार चालला. खुर्चीत रेलणं, "हे तुझं मत आहे का गा", आणि मग तो अंगठा. अंगठा टेकवून कागद चाचपला की हॉल कोसळायचा. वर्षभर मी त्या अंगठ्यावर टाळ्या घेतल्या.

मग वहिनींचं बी.एड. आलं. वहिनी लग्नाआधी बी.ए. झालेल्या, त्यांना शिक्षिका व्हायचं होतं. दोन वर्षं बी.एड.चा फॉर्म आणून तसाच पेटीत पडून राहिला होता, हे तिसरं वर्ष. कॉलेज दहा ते पाच. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस शनिवार. वसंतभाऊंना विचारलं तर ते म्हणाले, नाना म्हणतील तसं. आणि नाना म्हणाले, लिहून दे.

वहिनी त्या घरातल्या सगळ्यात हुशार. मुद्दा एका वाक्यात, कारणं तीन, उदाहरण गल्लीतलंच. अडलं ते समोरच्याच्या बाजूवर. सोमवारी त्यांनी लिहिलं, की सून दिवसभर बाहेर राहिली तर घरकामाचं कसं होणार. नाना म्हणाले, तुझी सासू गेल्यावर सहा वर्षं सैपाक मी केला, ही माझी बाजू नाही. मंगळवारी लिहिलं, लोक नावं ठेवतील. नाना हसले नुसते. बुधवारी वहिनींनी वैतागून लिहिलं, की काहींच्या मते सुनेने फार शिकू नये. ते ऐकून नानांनी पेन्सिल शोधली नाही, काही नाही. म्हणाले, "तीस वर्षं पोरी शिकवल्या मी, शालू. हे लिहितानी तुझा हात थांबला नाही काय वं?"

वहिनींच्या डोळ्यात पाणी आलं. त्या म्हणाल्या, मग तुमची बाजू कोणती ते तुम्हीच सांगा ना नाना. नाना म्हणाले, मी सांगितलं तर निबंध माझा होईल. आणि उठून आत गेले. मला त्यांचा एवढा राग आला होता की काय सांगू. वाटलं, म्हाताऱ्याला सूनबाईला पाठवायचंच नाही, आणि सहीचं नुसतं नाटक आहे.

गुरुवारी दुपारी नाना शेजारच्या ओट्यावर बसायला गेले होते. वहिनी सांबार निवडत बसल्या होत्या, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही नाना व्हा. मी विचारते, तुम्ही उत्तर द्या." माझ्या हातात एवढंच होतं, म्हणून मी लगेच खुर्चीत बसलो आणि गॅदरिंगचा आयटम सुरू केला. वहिनी अर्ध्याच हसल्या.

"हे नाना नाही. हे तुमचे टाळ्यांचे नाना आहेत," त्या म्हणाल्या. "खरे करा. सकाळपासून करा, अन् बोलू नका."

न बोलता नक्कल मी कधी केली नव्हती. मी खाटेवर जाऊन आडवा झालो आणि नानांसारखा उठलो. उठल्याबरोबर उजवा हात भिंतीला. मग भिंत सोडून, खोलीच्या मधून मोजून पाच पावलं, मग वळायचं. खुर्चीच्या पाठीला हात, मग बसायचं. पेपर घ्यायचा, उघडायचा, खिडकीकडे वाकडा करायचा, जरा वेळ धरायचा आणि मग मांडीवर ठेवून म्हणायचं, शालू, पाह्य वं आज काय आलं. मग ती वाचते. नक्कल जमायला लागली की एक होतं, दुसऱ्याचं हाड आपल्या हाडात बसतं आणि मग तेच आपल्याला हलवतं. मी वहिनींचा निबंध मांडीवर घेतला, अंगठा टेकवला, कड चाचपली... आणि अडलो. कागद तर मला स्वच्छ दिसत होता. परिच्छेद दिसत होता, समास दिसत होता. मग मी हा चाचपतो काहून? हात खोटा वाटायला लागला. मी डोळे मिटले. आणि अंगठा बरोबर बसला.

डोळे उघडले तेव्हा वहिनींचा हात सांबारात तसाच थांबला होता.

"कवापासून?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मी आलो तेव्हाही अंगठा होताच. वहिनी हिशेब लावत बसल्या. पेपर त्या तीन वर्षांपासून वाचून दाखवत होत्या. त्यांना वाटायचं, सुनेचे उच्चार सुधारायची हौस आहे सासऱ्याला. 'मोठ्यानं वाच, कानानं लबाडी कळते'... तेही त्यातलंच. पुढं खूप दिवसांनी नानांनीच मला सांगितलं, काचबिंदू होता. डॉक्टरकडे एकटेच जाऊन आले होते, डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आणि नानांनी ते घरात कोणाला सांगितलं नव्हतं. वहिनी दहा ते पाच गेल्या असत्या तर नानांपाशी वाचायला कोण होतं? ही त्यांची बाजू. ती ते बोलू शकत नव्हते आणि दुसरी कोणती खोटी बाजू सही करून देऊ शकत नव्हते. एवढा म्हातारा अडकून बसला होता, आणि मी त्याच्यावर टाळ्या घेत होतो.

पण माझं डोकं तेव्हा थिल्लरच. मी म्हटलं, वहिनी, जिंकल्या तुम्ही. सरळ लिहून टाका, नानांना दिसत नाही म्हणून ते मला सोडत नाहीत. सही करावीच लागेल त्यांना, भाऊंसमोर.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "त्यानं मी जिंकीन, भाऊजी," त्या म्हणाल्या. "नाना काय होतील?"

आज मी एखाद्याला काही पटवायला जातो तेव्हा हे वाक्य मला आधी आठवतं. नानांनी मांडणी शिकवली, पण हे वहिनींनी शिकवलं. समोरच्याची बाजू शोधून काढायची ती त्याला उघडं पाडायला नव्हे.

शुक्रवारी संध्याकाळी चहाच्या वेळेला वहिनींनी निबंध वाचला. वसंतभाऊ ड्युटीवरून आलेले, बशीत चहा ओतून बसले होते. समोरच्याची बाजू आली. 'या घरात रोज मोठ्याने वाचले जाते. मी दिवसभर बाहेर राहिले, तर सकाळी आलेला पेपर संध्याकाळपर्यंत घडी न मोडता पडून राहील. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे लिहिलेले ऐकले, त्यांच्या घरात दिवसभर एक अक्षरही कोणी उच्चारणार नाही. हे नुकसान लहान नाही, आणि ते सोसणाऱ्याने तक्रार केली नाही म्हणून ते नाही असे होत नाही.'

बस, एवढंच. डोळ्यांचा शब्द नाही.

चहा नानांच्या हातात थंड होत होता. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि हात पुढे केला. वहिनींनी पेन्सिल दिली, कागद त्यांच्यापुढच्या पाटावर ठेवला. नानांनी परिच्छेद कुठं आहे हे या खेपेला विचारलं नाही. अंगठाही टेकवला नाही. घाईत, सरळ सही करायला गेले आणि पेन्सिल कागदाच्या बाहेर, लाकडावर टेकली. वहिनींनी आवाज न करता कागद सरकवला आणि पेन्सिलीच्या खाली आणला. अर्धी सही पाटावर झाली, अर्धी कागदावर. भाऊ बशीतला चहा फुंकत होते.

"आता उत्तर वाच," नाना म्हणाले.

उत्तरात माझं नाव होतं. मला न विचारता. 'सुधाकर यांचे कॉलेज सकाळचे असून ते अकरा वाजता मोकळे होतात.' मी तोंड उघडलं तर वहिनींनी अशी नजर दिली की मी ते मिटून घेतलं. नाना म्हणाले, हा वाचणार? हा तर मंत्र्याचं भाषण मंत्र्याच्या आवाजात वाचीन अन् खुनाची बातमी खुन्याच्या. मी म्हटलं, नाही जी, नीट वाचीन. "तुझ्या सोताच्या आवाजात वाचशीन तं हौ," नाना म्हणाले. मग वहिनींकडे तोंड करून विचारलं, शेवट कुठं आहे? वहिनी म्हणाल्या, शेवट नाही लिहिला नाना, शेवट तुम्ही करा.

नाना म्हणाले, "उद्या शनवार आहे ना? मग बसली काहून, फॉर्म काढ."

सोताच्या आवाजात वाच, म्हणणं सोपं आहे. पहिले पंधरा दिवस मला तो सापडलाच नाही. बातमी वाचायला घेतली की कोणाचा ना कोणाचा आवाज घशात येऊन बसायचा, मौद्याच्या कंडक्टरचा, आमच्या प्राचार्यांचा, आणि नाना खुर्चीत बोट वर करायचे, म्हणजे पुन्हा. उन्हाळ्यात दाराला वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी शिंपडायचं आणि वाचायला बसायचं. अग्रलेख वाचला की नाना विचारायचे, याच्या उलट बाजूनं काय म्हणता येईल? मी सांगायचो. यावर तो अग्रलेखवाला सही करीन का? नाही जी. मग पुन्हा सांग. एक दिवस मी पत्रव्यवहार वाचत होतो, कोणा बाईनं नळाच्या पाण्याबद्दल लिहिलं होतं, आणि मधेच नाना म्हणाले, हा आला. मी म्हटलं, कोण? "तू," ते म्हणाले. "आत्ता तू आला. वाच पुढं." त्यानंतर तीन वर्षं, गोंदियाची नोकरी लागेपर्यंत, मी त्यांना वाचून दाखवलं. अंगठ्याचा आयटम मी पुन्हा कधी केला नाही. पोरांनी फर्माईश केली तरी नाही. वहिनी बी.एड. झाल्या, शाळेत लागल्या, आणि आता त्यांच्या शाळेतल्या पोरी एकमेकींच्या वह्यांवर सह्या करतात.

नाना गेल्यावर तीन आठवड्यांनी मी नागपूरला गेलो. हे लिहायचं मनात होतं आणि एक गोष्ट अडत होती. हे वाचून नाना काय म्हणाले असते? म्हणाले असते, मी जे कोणाला दिसू दिलं नाही ते तू पेपरात काहून छापतो? वहिनी शाळेतून यायच्या होत्या. वसंतभाऊ घरी होते. म्हटलं, त्यांना तर आजवर काही ठाऊक नाही, आधी त्यांना सांगावं लागेल. मी आडून आडून सुरुवात केली, की भाऊ, नानांचे डोळे शेवटी शेवटी...

भाऊंनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "शेवटी शेवटी काय गा," ते म्हणाले. "तू मौद्याहून आला त्याच्या आधीपासून. तुले काय वाटलं, या घरात तू एकटाच पाहून राहिला होता?"

मग हळूहळू एकेक डोळ्यासमोर यायला लागलं. फाटकाच्या बाहेरूनच सायकलची घंटी वाजवत येणारे भाऊ. चपला काढून दरवेळी दाराच्या डाव्याच अंगाला, भिंतीला लावून ठेवणारे भाऊ. त्या शुक्रवारी मान खाली घालून बशी फुंकणारे भाऊ. मी विचारलं, मग कधी बोलला काहून नाहीत? ते म्हणाले, नाना नाही बोलले ना. आणि म्हणाले, लिही तू, दिसत नाही म्हणून नानांले आता कोणी हात धरून रस्ता पार करून देणार नाही, त्याचंच भेव होतं त्यांले.

खोलीत उकडत होतं. भिंतीजवळच्या स्टुलावर वारा लागत नव्हता, म्हणून मी ते उचलून पंख्याखाली, खोलीच्या मधात घेतलं आणि बसलो. तेवढ्यात फाटक वाजलं, वहिनी आल्या, त्यांच्या हातातली वह्यांची पिशवी घ्यायला मी उठलो. मागं वळून पाहतो तर भाऊंनी स्टूल उचललं होतं आणि ते परत भिंतीला लावून ठेवत होते. खाटेपासून खुर्चीपर्यंतची नानांची ती पाच पावलं मोकळी करून ते बसले, आणि वहिनीही वह्या घेऊन भिंतीच्या कडेकडेनंच आत गेल्या.